माथ्यावरचे ओझे आणि यंत्राचा हात

श्रोतेहो, 'यंत्रमानव' हा शब्द कानी पडला की डोळ्यांपुढे काय उभे राहते? पत्र्याचे अंग, दिव्याचे डोळे आणि माणसासारखे चालणारे, बोलणारे, प्रसंगी माणसावरच उलटणारे एक बाहुले. सिनेमाने आणि मुलांच्या गोष्टींनी हे चित्र आपल्या मनावर ठसवले आहे. इतिहास मात्र निराळेच सांगतो. कारखान्यात कामाला लागलेला पहिला यंत्रमानव चालत नव्हता, बोलत नव्हता, त्याला डोळेही नव्हते. त्याला होता एकच हात, आणि त्या हाताने तो एकच काम करी. इथली वस्तू उचलायची आणि तिथे ठेवायची. आपल्या मोंढ्याच्या भाषेत सांगायचे, तर तो हमाल होता.

म्हणून यंत्रमानवाची हकीकत सांगायची, तर ती हमालीपासून सांगावी लागते. आणि हमाली समजून घ्यायला परभणी जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

एक साधा हिशेब करून पाहू. मानवत, सेलू, परभणी या आपल्या कापसाच्या पेठा. तिथून बाहेर पडणारी रुईची एक गाठ भरते १७० किलोंची. क्विंटलभर कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. आता तो किती वेळा उचलावा लागे, ते मोजा. वेचणारी बाई तो बोंडातून ओटीत घेते, ही पहिली उचल. ओटीतून गाठोड्यात, ही दुसरी. गाठोडे डोक्यावरून घरी, ही तिसरी. घरातला ढीग गाडीत भरायचा, ही चौथी. जिनाच्या आवारात गाडी रिकामी करायची, ही पाचवी. आवारातल्या ढिगातून टोपल्यांनी जिनापाशी न्यायचा, ही सहावी. आणि जिनाच्या तोंडात घालायचा, ही सातवी. मग निघालेली रुई प्रेसमध्ये, बांधलेली गाठ वखारीत आणि वखारीतून मालमोटारीत, अशा आणखी तीन. एकूण दहा. पहिल्या सात वेळा पाच-पाच क्विंटल आणि पुढच्या तीन वेळा पावणेदोन-पावणेदोन क्विंटल धरले, तर एका गाठीमागे सुमारे चाळीस क्विंटल वजन माणसांनी उचलून ठेवलेले असे. सरकीची उचल निराळीच.

('उचल' हा शब्द आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या अर्थानेही ठाऊक आहे, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. इथे तो साध्या अर्थाने घ्यावा.)

या चाळीस क्विंटलांनी कापसात काही फरक पडला का? नाही. वेचल्याने कापूस झाडावरून सुटला, जिनाने रुई-सरकी वेगळी केली, प्रेसने गाठ बांधली. बाकीची सारी मेहनत जागा बदलण्याची. कोणत्याही कारखान्यात हेच दिसते. माल घडविण्यापेक्षा हलविण्यातच माणसे अधिक दमतात. आणि ही मेहनत मालावर कुठेच उमटत नसल्यामुळे ती कुणाच्या नजरेत भरत नाही. इतिहासकारांच्या तर नाहीच नाही.

आता शंभर-सव्वाशे वर्षे मागे चला. आगगाडी येण्यापूर्वी मराठवाड्यातले धान्य आणि मीठ लमाणांच्या तांड्यांवर चाले. पाठीवर गोण्या लादलेले बैल कोसच्या कोस चालत. इ. स. १९०० च्या सुमारास निजामी राज्यातला गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग हैदराबादहून परभणीवरून जाऊन मनमाडला मिळाला, आणि आपल्या कापसाला मुंबईचे दार उघडले. अंतराचा प्रश्न असा वाफेच्या इंजिनाने सोडविला. पण इंजिनाने पोते उचलले का? अहो, उलट हमालाचे काम वाढले!

त्याचे कारण मोठे मासलेवाईक आहे. आपला मार्ग मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांत अंतर एक मीटर. मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉडगेजचा, तिथे हे अंतर १,६७६ मिलिमीटर. परभणीचा डबा मनमाडच्या पुढे जाऊच शकत नसे. मग मनमाडला एका डब्यातला माल उतरवायचा आणि शेजारच्या रुळावरच्या दुसऱ्या डब्यात भरायचा. आपल्या मार्गाचे रुंदीकरण व्हायला १९९० चे दशक उजाडले. तोवर सुमारे नव्वद वर्षे दोन रुळांमधली ती पावणेसातशे मिलिमीटरची तफावत हमालांनी आपल्या पाठीने भरून काढली. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांची नावे सापडतात, पुलांच्या कमानींची संख्या सापडते. या पाठींचा उल्लेख सहसा सापडत नाही.

तेव्हा वाहणे आणि उचलणे ही दोन कामे वेगळी आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवा. वाहण्याचे यंत्र आपल्या जिल्ह्यात १९०० च्या सुमारास आले. उचलण्याचे यंत्र यायला पुढे शतक का लागावे?

उत्तर आपल्या हातात आहे, अगदी शब्दशः. थप्पी लावणारा हमाल पाहा. समोरची दोन पोती कधी सारखी पडलेली नसतात. एकाचे तोंड डावीकडे, दुसरे मधेच दबलेले, तिसऱ्याची शिवण उसवू घातलेली. हमाल नजरेने ताडतो, आकडा कुठे लावायचा ते ठरवतो, गुडघ्यात वाकतो, पोते पाठीवर घेताना कमरेला किंचित झोल देतो आणि फळीवरून वर चढून ते असे टाकतो, की खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर बरोबर बसावे. नाहीतर थप्पी कोसळायची. आपण याला अंगमेहनत म्हणतो आणि त्यातली अक्कल विसरतो. डोळा, हात आणि तोल यांचा हा मेळ यंत्राला शिकविणे इंजिन बांधण्याहून अवघड ठरले.

म्हणून यंत्राने आधी सोपा भाग घेतला. एकाच वाटेने, एकाच दिशेने, सारखा माल न्यायचा असेल, तर सरकता पट्टा पुरतो. तो आपण सर्वांनी साखर कारखान्यात पाहिला आहे. गळिताच्या शुभारंभाला गव्हाणीत मोळी टाकतात ना? त्या मोळीला पुढे चरकाकडे ओढून नेणारी सरकती साखळी, म्हणजे केन कॅरियर, हे माल हलविण्याचेच यंत्र. कापसाच्या जिनांत हा बदल पुष्कळ उशिरा आला. तिथे कित्येक वर्षे बाया डोक्यावर टोपली घेऊन ढिगापासून जिनापर्यंत खेपा घालीत, आणि जुन्या प्रेसच्या पेटीत माणसे उतरून रुई पायांनी तुडवीत. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यात जिनिंग-प्रेसिंगच्या नूतनीकरणाला साहाय्य होते. कापूस हवेच्या झोताने नळीतून ओढून घ्यावा, रुई आणि सरकी पट्ट्यांवरून जावी, माणसाचा हात शक्य तितका कमी लागावा, अशी त्यातली दिशा होती.

आता गंमत पाहा. हात कमी करण्याचे कारण बायांच्या मानेवरचा भार नव्हता. कारण होते रुईची शुद्धता. हाताळणीत केस, सुतळीचे धागे, कागदाचे कपटे रुईत मिसळतात, मग सूतगिरणी तक्रार करते आणि भाव पडतो. मालाची काळजी घेता घेता माणसाच्या डोक्यावरची टोपली उतरली. उतरली हे चांगलेच झाले. पण टोपलीबरोबर त्या खेपांची मजुरीही गेली. त्या बाया पुढे कोणत्या कामाला लागल्या, हे कुणी लिहून ठेवले आहे काय?

पट्ट्याची मर्यादा अशी, की त्यावर ठेवलेले तो नेतो, पण ठेवणारा आणि शेवटी उतरवून घेणारा हात लागतोच. त्या हाताच्या शोधातून यंत्रमानव जन्मला.

त्याचे नाव मात्र त्याच्या आधी जन्मले. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचे नाटक लिहिले. कारखान्यात तयार केलेली, माणसासारखीच दिसणारी कामकरी माणसे त्यात आहेत. त्यांना काय म्हणावे हे चापेकला सुचेना, तेव्हा त्याचा भाऊ योसेफ याने 'रोबोट' हा शब्द सुचविला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करायचे काम. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, वेठ. रोबोट म्हणजे वेठबिगार. ज्या मुलखात वेठीची आठवण म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून अजून पुरती गेली नाही, तिथे या शब्दाचा अर्थ फोडून सांगायला नको.

प्रत्यक्ष यंत्र अमेरिकेत झाले. जॉर्ज डेव्होल नावाच्या संशोधकाने १९५४ साली पेटंटासाठी अर्ज केला, ते १९६१ साली मंजूर झाले. त्या पेटंटाचे शीर्षक मोठे बोलके आहे. मराठीत त्याचा अर्थ होईल, 'आखून दिल्याप्रमाणे वस्तूचे स्थलांतर'. बुद्धीचे नाव नाही, माणसाचे नाव नाही. इकडची वस्तू तिकडे, एवढेच. जोसेफ एंजेलबर्गर या उद्योजकाने डेव्होलशी हातमिळवणी करून हे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव युनिमेट. १९६१ साली ते न्यू जर्सी राज्यात ट्रेंटन शहराजवळ जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसले.

तिथे ते काय करी? साच्यात वितळलेली धातू ओतून मोटारीचे सुटे भाग बनत. साचा उघडला, की तो जळजळीत भाग ओढून काढायचा आणि थंड व्हायला ठेवायचा. वाफा, धूर, चटके. जरा चूक झाली तर हात गेला. हे काम युनिमेटच्या पोलादी हाताने पत्करले. यंत्राचे वजन सुमारे १,८०० किलो. हालचाली एका चुंबकीय पिंपावर नोंदवून ठेवलेल्या. त्या क्रमाने हात पुढे जाई, पकडी, वळे आणि ठेवी. न कंटाळता, दिवसरात्र. १९६९ साली जपानच्या कावासाकी कंपनीने अमेरिकी परवान्याने हेच यंत्र बनवायला सुरुवात केली, आणि पुढे जपान या क्षेत्रात सर्वांच्या पुढे गेला.

आजचा यंत्रहात कसा असतो, हेही सांगितले पाहिजे, कारण शाळेतली मुले तुम्हाला विचारणार. स्वतःचा उजवा हात पुढे करा. खांदा वळतो, वर-खाली होतो, कोपर दुमडते, मनगट फिरते आणि वाकते. कारखान्यातल्या नेहमीच्या यंत्रहाताला असे सहा सांधे असतात, आणि प्रत्येक सांध्यात विजेची मोटार असते. टोकाला पंजा, तो कामाप्रमाणे बदलायचा. काच किंवा खोके उचलायचे असेल, तर हवा ओढून चिकटणाऱ्या रबरी वाट्या. सिमेंट-खताचे पोते असेल, तर पोत्याखाली शिरणारी काट्यांसारखी बोटे. काम शिकवायचे म्हणजे कारागिराने हातातल्या फळीवरची बटणे दाबून हात एकेका जागी न्यायचा आणि ती जागा त्याच्या स्मरणात घालायची. पुढे तो ती विसरत नाही. अलीकडे त्याला कॅमेऱ्याचा डोळा मिळाला आहे, त्यामुळे वाकडी पडलेली वस्तूही त्याला ओळखता येऊ लागली. आपल्या हमालाची नजर त्याने अशी साठ वर्षांनी थोडीथोडी उचलली.

आता जरा थांबून साल लक्षात घ्या. १९६१ साली अमेरिकेत युनिमेट कामाला लागला, तेव्हा महाराष्ट्र राज्य एका वर्षाचे होते. ओझ्याचा प्रश्न आपल्याकडेही होताच, पण त्याचे उत्तर आपण वेगळ्या बाजूने शोधले. अमेरिकेने आणि जपानने ओझे यंत्राला देण्याचा मार्ग काढला. महाराष्ट्राने ओझे वाहणाऱ्याला हक्क देण्याचा मार्ग काढला.

हमालाचे दुखणे असे, की त्याला मालकच नसतो. सकाळी एका आडत्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे, संध्याकाळी रेल्वेच्या धक्क्यावर. आजारी पडला तर रजा कुणाकडे मागावी? म्हातारा झाला तर निर्वाहनिधी कुणी द्यावा? पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. माथाडी म्हणजे माथ्यावर वाहणारा. या चळवळींतून 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९' हा कायदा झाला.

कायद्यातली युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ नेमायचे. हमालाने त्या मंडळाकडे नाव नोंदवायचे, व्यापाऱ्यानेही नोंदवायचे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि मजुरीच्या प्रमाणात वर काही लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार, औषधपाणी मिळायचे. ज्याला एक मालक नव्हता, त्याला कायद्याने असा सामायिक मालक मिळवून दिला.

ओझ्याच्या वजनाचा प्रश्नही त्याच काळात जगापुढे आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली माणसाने उचलायच्या वजनाविषयी ठराव केला आणि प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही मर्यादा सुचविली. आपल्याकडे मात्र क्विंटलाचे पोते पाठीवर घेण्याची चाल पुढेही पुष्कळ वर्षे चालली. पन्नास किलोचे पोते आता सर्वत्र रूढ झालेले दिसते, त्यामागे हमाल संघटनांचा दीर्घ आग्रह आहे. यंत्र आले नसतानाही ओझे निम्म्यावर आले, हे विसरू नका.

मग यंत्राचा हात आपल्याकडे कसा आला? त्याची वाट परभणीहून पश्चिमेकडे जाते. १९८५ साली तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि भोवती सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. मराठवाड्यातल्या गावोगावची मुले तिकडे कामाला गेली. परभणी, पाथरी, जिंतूरकडचीही गेली. पुण्याजवळ चाकणलाही तेच झाले. मोटारी आणि दुचाक्या बनविणाऱ्या कारखान्यांत यंत्रहात आधी सांधे जोडण्यासाठी आणि रंग देण्यासाठी आले, मग उचल-ठेवीसाठी. चाकणच्या बजाज कारखान्यात २०१० पासून डेन्मार्कमध्ये बनलेले हलके यंत्रहात वापरात आले. त्यांना भोवती लोखंडी कुंपण लागत नाही, ते कामगाराच्या शेजारी उभे राहून काम करतात आणि धक्का लागला तर थांबतात. २०१६ साली टाटा समूहातल्या 'टाल' या कंपनीने पुण्यात तयार केलेला 'ब्राबो' हा यंत्रहात मुंबईच्या प्रदर्शनात मांडला. त्याचे दोन नमुने होते, एक दोन किलो उचलणारा, दुसरा दहा किलो. दहा किलो! आपल्या मोंढ्यातला हमाल हे ऐकून हसेल. पण तो हात दिवसातून हजारो वेळा तेच दहा किलो तंतोतंत त्याच जागी ठेवतो, आणि जगात टनभर वजन उचलणारे त्याचे थोरले भाऊही आहेत.

आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीप्रमाणे २०२३ साली जगातल्या कारखान्यांत सुमारे ४३ लाख यंत्रमानव काम करीत होते, आणि त्या एका वर्षात भारतात साडेआठ हजारांहून अधिक नवे बसले. त्यांच्या कामांत सर्वांत मोठा वाटा कशाचा असेल? उचलणे आणि ठेवणे. सहा दशकांनंतरही यंत्रमानवाचा मुख्य धंदा हमालीच राहिला आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न. हे चांगले की वाईट?

पॉवर प्रेसच्या जबड्यात पत्रा सरकवताना बोटे गमावलेली माणसे औद्योगिक वसाहतींत भेटतात. तिथे यंत्राचा हात आत जात असेल आणि माणसाचा बाहेर राहत असेल, तर त्याला विरोध करणारा मनुष्य मला तरी माहीत नाही. ओझे वाहण्यात काही पुण्य आहे, असे मानण्याचेही कारण नाही. ज्यांची मान आखडली नाही, ज्यांची कंबर गेली नाही, तेच हमालीचे गोडवे गातात. आपल्या गंगाखेडच्या संत जनाबाईंची कथा सर्वांना ठाऊक आहे. पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीच्या जात्याला साक्षात विठ्ठलाने हात लावला, असे लोक शेकडो वर्षे श्रद्धेने सांगत आले. कष्टात कुणीतरी हात लावावा, ही माणसाची फार जुनी आस आहे. फरक एवढाच, की विठ्ठलाने जात्याला हात लावला म्हणून जनीची भाकरी गेली नाही.

यंत्राने हात लावला, की भाकरीचे काय होते? इथे इतिहासात दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. १९५६ साली अमेरिकेत मालाच्या पोलादी पेट्या, म्हणजे कंटेनर, जहाजावरून जाऊ लागल्या. क्रेनने पेटी उचलली, की शेकडो पोत्यांची उचल एका फटक्यात संपली. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यावर मुंबईच्या जुन्या गोद्यांना तो बदल जाणवला. पण गोदी कामगारांसाठी १९४८ सालीच कायदा झालेला होता, मंडळ होते, संघटना होत्या. त्यांचे गाऱ्हाणे ऐकून घ्यायला एक जागा होती. आपल्या जिनांतल्या टोपलीवाल्या बायांना ती नव्हती. यंत्र दोन्हीकडे आले. वाटाघाटी एकीकडेच होऊ शकल्या.

आणखी एक बारकावा सांगतो, जो आपल्या पंचायतीत, बाजार समितीत बोलला गेला पाहिजे. माथाडी कायद्यातली लेव्ही हमालाच्या मजुरीवर बसते. ज्या दिवशी पोती यंत्राचा हात उचलील, त्या दिवशी मजुरी नाही, म्हणून लेव्हीही नाही. म्हणजे नव्या हमालांची भरती थांबेल आणि जुन्यांच्या निधीत पडणारी भरही आटत जाईल. १९६९ च्या कायद्याने मालक नसलेल्या हमालाचा विचार केला; हमाल नसलेल्या हमालीचा विचार अजून व्हायचा आहे. यंत्र येण्याआधी तो झाला तर वाटाघाट होते. नंतर झाला तर नुसती तक्रार उरते.

तुम्ही म्हणाल, आपल्या मोंढ्यात कुठला आलाय यंत्रमानव? खरे आहे. हंगामी आवक, निरनिराळ्या आकारांची पोती, ओबडधोबड जमीन आणि स्वस्त मजूर, ही यंत्राला अडवणारी कारणे आपल्याकडे भरपूर आहेत. ऊसतोडीची मोळी अजून डोक्यावरूनच शिडीने ट्रकवर चढते. पण स्वस्त मजूर हे यंत्र न येण्याचे कारण असेल, तर त्यात समाधान मानण्यासारखे काय आहे? आणि वाळूज-चाकणला गेलेली मुले तर आपलीच आहेत. त्यांच्यापुढे यंत्राचा हात आजच उभा आहे. जो मुलगा तिथे पेट्या उचलायला गेला, त्याची जागा तो हात घेईल. जो आय.टी.आय.मधून फिटर, इलेक्ट्रिशियन होऊन गेला आणि त्या हाताला काम शिकवायला, त्याचा सांधा बिघडला तर दुरुस्त करायला शिकला, त्याची जागा राहील. एका घरातले दोन भाऊ या दोन बाजूंना उभे असू शकतात, आणि त्यांच्यामधले अंतर दोन वर्षांच्या शिक्षणाचे असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटची विनंती तुम्हाला आहे. राजांच्या लढायांचा इतिहास पुस्तकांत मिळतो, यंत्रांचाही मिळतो. ओझ्याचा इतिहास मात्र माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसे थकत चालली आहेत. ही पुस्तिका वर्गात वाचून झाली, की मुलांना एक काम द्या. गावात, मोंढ्यात, जुन्या जिनाच्या आसपास ज्यांनी हमाली केली, टोपल्या वाहिल्या, प्रेसमध्ये रुई तुडवली, अशा एकेका वृद्ध माणसाकडे मुलांनी जावे. पोते किती वजनाचे होते? दिवसात किती खेपा होत? मजुरी नगावर की रोजावर? पाठ कधी दुखू लागली? यंत्र कोणत्या साली आले, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कुठे कामाला गेलात? उत्तरे वहीत लिहून त्यावर गाव आणि तारीख घालावी. बाईला विचारायला विसरू नये, कारण हजेरीच्या वहीत तिचे नाव बहुधा नसेलच.

अशा चाळीस वह्या एका शाळेत जमल्या, तर उद्या बाजार समितीत यंत्राच्या हातावर चर्चा निघेल तेव्हा कुणाला तरी उठून सांगता येईल, की आमच्या गावात मागच्या वेळी यंत्र आले तेव्हा काय झाले, ते आमच्याकडे लिहिलेले आहे.